ज्ञान विषयात की माध्यमात?

कलावंत आणि वैज्ञानिक एकत्र येऊन समुद्राविषयी काही निर्माण करतात, तेव्हा त्या निर्मितीचे स्वागत करताना आपली समीक्षा एकाएकी भोळी होते. एरवी कवितेतल्या एका प्रतिमेसाठी चार पाने खर्च करणारा समीक्षक, विषय हवामानबदलाचा असला की 'जनजागृती' या एका शब्दावर समाधान मानतो. प्रवाळ मरत आहे, बर्फ वितळत आहे, कलावंताने हे जगासमोर मांडले, म्हणून कलाकृती थोर. या अनुमानात हेतूचे मोठेपण कृतीच्या पदरात परस्पर टाकले जाते. हा भोळेपणा कलेला घातक आहे, आणि ज्या समुद्राच्या नावाने तो चालतो त्या समुद्रालाही त्याचा उपयोग नाही, हे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

वाद आपल्याला नवा नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा झगडा मराठी वाचकाच्या दोन-तीन पिढ्यांना पाठ आहे. त्याचेच नवे रूप आज दिसते. एक पक्ष म्हणतो, कलावंताने विज्ञानाचा दूत व्हावे. वैज्ञानिकाला आकडे सांगता येतात, पण लोकांच्या हृदयाला हात घालता येत नाही, ते काम कलेचे. दुसरा पक्ष म्हणतो, कलेने असा कोणाचा निरोप वाहायला घेतला की ती दासी झाली. प्रयोगशाळेतले सत्य प्रयोगशाळेत राहू द्यावे. दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे. ज्ञान हे कलाकृतीत केवळ विषय म्हणून, आशय म्हणून, बाहेरून आणून ठेवता येते असे दोघेही मानतात. एकाला ते आणलेले आवडते, दुसऱ्याला आवडत नाही, एवढाच फरक.

दूतपक्षाचा विचार आधी करू. निरोप पोचवणे हेच साध्य असेल तर कलावंताची गरज काय? ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये तापमानाच्या नोंदींचे निळ्या-तांबड्या उभ्या पट्ट्यांत रूपांतर केले. एक पट्टा म्हणजे एक वर्ष. अक्ष नाही, आकडा नाही, अक्षर नाही. निळा विरळ होत जातो आणि तांबडा दाट होत जातो, हे शाळकरी मुलालाही कळते. हे काम वैज्ञानिकानेच केले. निरोपाच्या स्पष्टतेवर कलाकृतींचा निकाल लावायचा, तर या पट्ट्यांपुढे गेल्या काही दशकांतील पर्यावरणविषयक कलेचा मोठा भाग शब्दबंबाळ ठरेल. शिवाय माहितीच्या अभावामुळे माणसे काही करत नाहीत, हे तरी खरे आहे का? पृथ्वीच्या हवामानव्यवस्थेत साठलेल्या अतिरिक्त उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने शोषला आहे; १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली; तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी उष्णकटिबंधातील प्रवाळांचा ७० ते ९० टक्के ऱ्हास होईल आणि ती २ अंशांवर गेली तर जवळजवळ सर्वच प्रवाळ जाईल, हे आंतरशासकीय समितीने २०१८ च्या अहवालात लिहून ठेवले आहे. हे सर्व जाहीर आहे. जाहीर गोष्ट पुन्हा जाहीर करणे हे कलेचे काम म्हणून फार तोकडे आहे.

स्वायत्ततेच्या कैवाऱ्यांची बाजूही तितकीच दुबळी आहे. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये सौंदर्य शोधले ते माध्यमातील संवेदनांच्या लयबद्ध रचनेत. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची लयतत्त्वे प्रसिद्ध आहेत. त्यांचा दाखला देऊन कलेला ज्ञानापासून सोवळे ठेवू पाहणारे एक गोष्ट विसरतात. माध्यम हेच मुळी ज्ञानाने घडलेले असते. रंगद्रव्य कसे सुकते, तार कोणत्या ताणावर कोणता स्वर देते, दूरच्या वस्तू लहान कशा दिसतात, हे जाणल्याशिवाय रंग, स्वर, अवकाश ही माध्यमे हातात येत नाहीत. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलाविचाराचे स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव मानून त्यांपैकी कोणताही एक पुसून टाकता येत नाही, हे दाखवले. त्या विवेचनाचा धडा आपण पाठ्यक्रमापुरता ठेवला आणि प्रत्यक्ष कलाकृतीसमोर पुन्हा जुन्या छावण्यांत जाऊन बसलो.

म्हणून प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला पाहिजे. विज्ञानाशी सहकार्य करणाऱ्या कलाकृतीत ज्ञान केवळ विषयात आहे की माध्यमात उतरले आहे? ते काढून घेतले तर कलाकृतीचे फक्त माहितीपत्रक हरवते, की तिची रचनाच कोसळते?

या कसोटीला इतिहास आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांची 'कुन्स्टफॉर्मेन डेर नाटुर' ही शंभर चित्रपत्रांची मालिका १८९९ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाली. किरणपाद प्राण्यांचे सांगाडे आणि जेलीफिश यांची ती चित्रे एवढी मोहक होती की १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचे प्रवेशद्वार रने बिने या वास्तुकाराने त्यांच्याच आकृतींवरून रचले. परंतु हेकेल यांना निसर्गात सममितीचे तत्त्व सापडले होते, आणि जिथे जीव पुरेसा सममित नव्हता तिथे त्यांच्या रेषेने त्याला सममित केले, हा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला आहे. सौंदर्याने येथे विज्ञानाची प्रतिष्ठा उसनी घेतली आणि परतफेडीत नेमकेपणा दिला नाही. याच काळात ड्रेस्डेनचे काचकलावंत लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्यांचे पुत्र रुडॉल्फ दुसऱ्या दिशेने गेले. अपृष्ठवंशीय सागरी जीव मद्यार्कात ठेवले की त्यांचा रंग जातो, आकार ढासळतो. संग्रहालयात उरतो तो फिकट गोळा. ब्लाश्का पितापुत्रांनी हे जीव काचेत घडवले. जेलीफिशची पारदर्शकता दाखवायला पारदर्शक पदार्थच हवा, ही जाण त्यांच्या माध्यमाच्या निवडीतच आहे. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाने १८८५ मध्ये अशा शेकडो प्रतिकृती विकत घेतल्या. सव्वाशे वर्षांनंतर तेथील सागरी परिसंस्थांच्या अभ्यासक ड्रू हार्वेल यांनी त्यांतले जीव आजच्या समुद्रात शोधण्याचा उपक्रम केला आणि त्यावरचा ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अध्यापनासाठी बनवलेली काच तापमानवाढीपूर्वीच्या समुद्राची साक्षीदार ठरली. जनजागृतीचा शब्दही न उच्चारता ब्लाश्कांनी जे केले, ते जागृतीसाठीच रचलेल्या असंख्य कृतींना जमलेले नाही. कारण ते नेमके होते.

आता अलीकडच्या काही कृती या कसोटीवर पाहू. डॅनिश-आइसलँडिक कलावंत ओलाफर एलियासन आणि ग्रीनलँडमध्ये जन्मलेले भूवैज्ञानिक मिनिक रोसिंग यांची 'आइस वॉच' ही कृती २०१४ मध्ये कोपनहेगनला, डिसेंबर २०१५ मध्ये हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसला आणि २०१८ मध्ये लंडनला मांडली गेली. ग्रीनलँडमधील नूप कांगेर्लुआ या खाडीत हिमचादरीपासून सुटून तरंगणारे हिमखंड शहराच्या चौकात आणून ठेवायचे आणि वितळू द्यायचे, एवढेच तिचे स्वरूप. पॅरिसमध्ये पाँतेआँच्या प्रांगणात बारा खंड घड्याळाच्या तबकडीसारखे मांडले होते. या कृतीवर दोन ठरावीक प्रतिक्रिया आहेत. एक, लोकांनी बर्फाला मिठ्या मारल्या, म्हणून ती थोर. दुसरी, बर्फ आणण्यातच कर्बवायू सोडला गेला, म्हणून ती दांभिक. पॅरिसच्या मांडणीचा हा खर्च सुमारे ३० टन मोजला गेला आणि तो कलावंताने स्वतःच जाहीर केला. दांभिकतेचा आरोप तिथेच सैल होतो. जो आपला हिशेब चौकात मांडतो त्याला ढोंगी म्हणता येत नाही.

पण मिठ्यांनीही काही सिद्ध होत नाही. या कृतीचे खरे मर्म तिच्या आवाजात आहे. हिमचादरीच्या बर्फात हजारो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांच्या रूपाने दाबून बसलेली असते. बर्फ वितळताना ती बारीक तडतडत सुटते. प्राचीन वातावरणात कर्बवायू किती होता हे वैज्ञानिक याच प्रकारच्या बुडबुड्यांवरून मोजतात. म्हणजे खंडाला कान लावून उभा असलेला माणूस एका दफ्तराची पाने नष्ट होताना ऐकत असतो. पुरावा आणि त्याचा नाश एकाच ध्वनीत येतात. येथे ज्ञान माध्यमात आहे. मात्र ते अर्धेच आहे, असे म्हणावे लागते. बुडबुड्यांचा अर्थ ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला तो केवळ बर्फ आहे, थंड आणि सुंदर. अर्थासाठी त्याला शेजारच्या फलकाकडे जावे लागते. फलकावाचून अपुरी राहणारी कृती आपल्या साहित्यातल्या प्रस्तावनेवाचून न कळणाऱ्या कवितेची सख्खी बहीण आहे.

जेसन डिकेअर्स टेलर या ब्रिटिश शिल्पकाराच्या कामात चढ आणि उतार दोन्ही एकाच माणसाच्या हातून दिसतात, म्हणून ते अधिक उद्बोधक आहे. २००६ पासून त्याने कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा येथे आणि नंतर मेक्सिकोतील कानकूनजवळ समुद्रतळाशी शिल्पे उभारली. 'द सायलेंट इव्होल्यूशन' (२०१०) मध्ये तर चारशेहून अधिक मनुष्याकृती पाण्याखाली एकत्र उभ्या आहेत. त्यांसाठी वापरलेले सिमेंट समुद्राच्या पाण्याशी जुळणारे, प्रवाळाच्या अळ्यांना चिकटता येईल असे खरबरीत असते. त्यांची जागा आणि खोली सागरी जीवशास्त्राच्या सल्ल्याने ठरते. पुढे शैवाल येते, स्पंज येतात, प्रवाळ रुजतो. चेहरे ओळखेनासे होतात. शिल्पकाराने पृष्ठभागावरील आपली मालकी सोडली आहे आणि शिल्प पूर्ण करण्याचे काम दुसऱ्या जीवांकडे दिले आहे. पाषाणाचे शिल्प काळाला विरोध करते. हे शिल्प काळाशी करार करते. जीवशास्त्र वगळले तर येथे उरतात ते साच्यातून काढलेले पुतळे, आणि पुतळे म्हणून ते सामान्यच आहेत. तरीही कृती सामान्य नाही, याचे श्रेय माध्यमात उतरलेल्या ज्ञानाला आहे. अशा शिल्पांनी प्रवाळ वाचतो असा दावा मात्र कोणी करू नये. पाणबुड्या पर्यटकांचा काही भार ती नैसर्गिक भित्तीवरून हलवतात, इतके खरे. तापलेले पाणी शिल्पावरचा प्रवाळ आणि खडकावरचा प्रवाळ यांत भेद करत नाही.

याच कलावंताची 'ओशन सायरन' ही कृती डिसेंबर २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल शहराच्या किनाऱ्यावर पाण्यात उभी राहिली. ती स्थानिक वुल्गुरुकाबा या आदिवासी समाजातील एका मुलीची आकृती असून, ऑस्ट्रेलियाच्या सागरी विज्ञान संस्थेच्या डेव्हिस रीफ येथील केंद्राकडून येणाऱ्या पाण्याच्या तापमानानुसार तिचे दिवे रंग बदलतात. तिची स्तुती भरपूर झाली: कला आणि विज्ञान यांचा आदर्श संगम, वगैरे. या स्तुतीशी स्पष्ट मतभेद नोंदवला पाहिजे. मुलीची आकृती आणि तापमानाचा आकडा यांच्यात रचनेचा कोणताही संबंध नाही. तिच्या जागी मासा ठेवा, मनोरा ठेवा, दिवे तसेच बदलतील. हे आकृती पांघरलेले तापमापक आहे. ते उपयुक्त असेल, किनाऱ्यावर फिरणाऱ्याला थबकवतही असेल. परंतु येथे ज्ञान बाहेरून तारेने जोडलेले आहे. ज्या समाजाचा या किनाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, त्याच्या मुलीला प्रतिमेत स्थान मिळाले, ही गोष्ट मोलाची. पण त्या समाजाचे समुद्राविषयीचे ज्ञान प्रकाशाच्या रचनेत कुठे आहे? प्रतिनिधित्व दिले आणि अधिकार दिला नाही, असा हा प्रकार आहे. ग्रेट बॅरियर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ असे व्यापक विरंजनाचे उन्हाळे येऊन गेले आहेत. अशा ठिकाणी 'संगम' हा शब्द इतक्या स्वस्तात वापरणे शोभत नाही.

या दोहोंच्या तुलनेत जिला अजूनही काही गंभीर समीक्षक 'हस्तकला' म्हणून बाजूला सारतात, ती 'क्रोशे कोरल रीफ' ही कृती कसोटीला सर्वाधिक उतरते. क्वीन्सलँडमध्ये वाढलेल्या मार्गारेट आणि ख्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी, एक विज्ञानलेखिका आणि दुसरी कवयित्री, २००५ मध्ये लॉस एंजेलिसमधील आपल्या घरी ती सुरू केली. तिच्या मुळाशी एक गणित आहे. युक्लिडचे समांतर रेषांविषयीचे गृहीतक नाकारल्यावर जी अतिपरवलयी भूमिती मिळते, तिचा पृष्ठभाग हाताळता येईल असा बनवणे कठीण होते. कागदाच्या प्रतिकृती फाटत. कॉर्नेलमधील लॅटव्हियन गणितज्ञ डायना ताइमिना यांनी १९९७ मध्ये ती अडचण क्रोशाने सोडवली. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेले की कापड सपाट राहूच शकत नाही. त्याला चुण्या पडतात, झालरी येतात. प्रवाळ, समुद्री गोगलगायी, केल्प यांच्या अंगावर दिसणाऱ्या झालरी याच भूमितीच्या. वर्थाइम भगिनींनी या नियमात फेरफार करायला सुरुवात केली, मध्येच वाढ बदलली, धागा बदलला, आणि गणिती पृष्ठभागाला जिवंत प्राण्याचे रूप आले. उत्क्रांतीही अशीच चालते, हे येथे सांगावे लागत नाही; विणणाऱ्या हाताला ते कळते.

मर्ढेकरांच्या कठोर शिष्यालाही येथे तक्रारीला जागा नाही. वाढत्या टाक्यांचा संवाद, सपाट होऊ न देणारा विरोध आणि झालरीत साधलेला समतोल, सर्व काही माध्यमातच आहे. आणि जे माध्यमात आहे तेच प्रवाळाचे सत्य आहे. जीवनवाद्यालाही तक्रार नसावी, कारण ही भित्ती एकट्या प्रतिभेची नाही. अनेक देशांत हजारो हातांनी, बहुतांशी स्त्रियांनी, ती विणली. जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे २०२२ मध्ये मांडलेल्या भित्तीत सुमारे ४,००० जणांनी विणलेले ४०,००० हून अधिक प्रवाळ होते. प्रवाळभित्ती हीदेखील असंख्य क्षुद्र पॉलिपांची सामूहिक बांधणी असते. या कृतीवर आक्षेप दोन. कीर्ती दोन नावांना मिळते, हा पहिला. तो खरा आहे. धागा पुष्कळदा कृत्रिम, म्हणजे प्लास्टिकचाच असतो, हा दुसरा. या दुसऱ्या आक्षेपाकडे त्या बहिणींनी पाठ फिरवलेली नाही. आपल्या घरातला सारा प्लास्टिक कचरा २००७ पासून चार वर्षे साठवून त्यांनी तो कलाकृतीच्या शेजारी मांडला आणि प्लास्टिकपासून विणलेली एक विषारी भित्तीही रचली. दोष लपवण्यापेक्षा दोषालाच माध्यम करणे अधिक प्रामाणिक.

कृतीनंतर पैशाचा विचार टाळता येत नाही. आपली समीक्षा तो सभ्यपणाने टाळते. लंडनच्या टेट संग्रहालयाला बीपी या तेल कंपनीचे प्रायोजकत्व सव्वीस वर्षे होते. २०१० पासून 'लिबरेट टेट' या कलावंतगटाने संग्रहालयातच निषेधकृती केल्या आणि २०१७ मध्ये ते प्रायोजकत्व संपले. पुढच्याच वर्षी त्या संग्रहालयासमोर 'आइस वॉच' वितळत होती. क्रम उलटा असता, तर त्याच बर्फाचा अर्थ वेगळा झाला असता. उलट ब्रिटिश म्युझियमने डिसेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीशी दहा वर्षांचा पाच कोटी पौंडांचा करार जाहीर केला. अशा संस्थेत उद्या समुद्रावरचे कितीही हृदयस्पर्शी प्रदर्शन भरले, तरी ते कोणाच्या खर्चाने हृदयाला स्पर्श करते, हे विचारणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे ठरत नाही. वैज्ञानिक आपल्या निबंधाखाली निधी कोणाचा ते छापतो. कलावंताने आणि संग्रहालयाने विज्ञानाकडून एखादी गोष्ट शिकायचीच असेल, तर ती हीच आधी शिकावी.

साहित्याच्या अभ्यासकाने हे शिल्पकलेचे प्रकरण म्हणून सोडून देऊ नये. सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासक रेचल कार्सन यांचे 'द सी अराउंड अस' हे पुस्तक १९५१ मध्ये आले. उत्तरेकडील हवा उबदार होत असल्याची नोंद त्यात आहे, पण तिचे स्पष्टीकरण त्या काळच्या समजुतीनुसार नैसर्गिक चक्राचे आहे. ते आज टिकत नाही, पुस्तक टिकले. १९६१ च्या आवृत्तीत त्यांनी नवी प्रस्तावना जोडून अणुकचरा समुद्रात टाकण्याच्या धोक्याची चर्चा केली. निष्कर्ष कालबाह्य होऊनही पुस्तक का टिकते? कारण समुद्राची भरती, थर, अंधार, संथ अवसादन यांचे ज्ञान त्यांच्या वाक्यांच्या गतीत उतरलेले आहे. आणि नवे कळले की ते लिहिण्याची नैतिक तयारीही आहे.

आपल्या भाषांसमोरचे आव्हान याहून खोल आहे. सागर आपली मर्यादा ओलांडत नाही, हा भारतीय काव्यातला जुना संकेत. धीरोदात्त पुरुषाला सागराची उपमा दिली जाते ती या मर्यादेमुळे. तो रत्नाकर आहे, अथांग आहे, न संपणारा आहे. त्याच्या पोटात वडवानल असला तरी तो शांत आहे. या सर्व संकेतांचा आधार निरीक्षणच होते, आणि ते निरीक्षण आता बदलले आहे. समुद्र मर्यादा सोडतो आहे, मोजला गेला आहे, आणि संपू शकतो. औद्योगिक काळापासून त्याच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. शिंपले आणि प्रवाळ यांना घर बांधणे त्यामुळे जड जाते. रत्नाकर हा शब्द तसाच वापरणारा कवी आता परंपरा चालवत नाही. तो न पाहता लिहितो. या शब्दांना सोडून द्यावे, असे नाही. मर्यादा, अथांग, वडवानल या शब्दांत आजचे ज्ञान उतरवता येईल का, त्यांचा अर्थ आतून हलवता येईल का, हा प्रश्न कवीचा आहे, वैज्ञानिकाचा नाही. त्याचे उत्तर 'समुद्र वाचवा' या विषयावर कविसंमेलन भरवून मिळणार नाही.

समीक्षकाकडून मागणी साधी आहे. विषयाच्या पुण्याईवर गुण देणे बंद करावे. प्रवाळाचे विरंजन म्हणजे काय, पॉलिपच्या पेशींत राहून त्याला अन्न आणि रंग देणारे सूक्ष्म शैवाल उष्णतेने कसे बाहेर पडते, उन्हाळ्यातील कमाल तापमानाहून एखादा अंश अधिक उष्णता काही आठवडे राहिली तरी ते कसे घडते, एवढे तरी शिकून मग अशा कृतींविषयी लिहावे. छंद न शिकता कवितेवर लिहिणाऱ्याला आपण हसतो. येथेही तोच न्याय लावावा. कलावंताला विचारावे की वैज्ञानिकाने दिलेले तुझ्या सामग्रीत काय बदलले. वैज्ञानिकालाही विचारावे की कलावंताकडून केवळ प्रसिद्धी हवी आहे की आपल्या पाहण्याला दुसरा डोळा हवा आहे. ज्या कृतीजवळ या प्रश्नांची उत्तरे नाहीत, ती चांगल्या हेतूची वाईट कृती आहे, असे निःसंकोच म्हणावे. एप्रिल २०२४ मध्ये जागतिक पातळीवरचे चौथे विरंजन जाहीर झाले. मरणाऱ्या प्रवाळाला खोट्या कौतुकाचा आधार मिळत नाही. नेमक्या पाहण्याने निदान त्याच्याविषयी खोटे बोलले जात नाही, आणि कलेचे बाकीचे कर्तव्य तिथून सुरू होते.